उल्का गुप्ते, उपाशीपोटी

रविवारी रात्री कामगिरी यायची,
शनिवारी सूर्य मावळायच्या आत पुरी करायची.
तिचा सूर्य की माझा, यावर पहिले दोन आठवडे
भांडणातच गेले.
खर्च दहा रुपयांच्या वर नाही.
हरणारीने एकोणतीसचा पाढा
हाताने लिहून पोस्टाने पाठवायचा.

लाइपझिगहून पहिली आली:
मासुंदा तलावाला उलट्या पावलांनी एक फेरी.
मी पहाटे साडेपाचला गेले, कुणी नसेल म्हणून.
सगळं ठाणं होतं.
रंगायतनपाशी माकडटोपीतले एक काका थांबले,
बघत राहिले, मग म्हणाले,
गुडघ्यांना चांगलं असतं हे,
आणि वळून माझ्याबरोबर मागे मागे चालू लागले.
घाट, कठडा, झाकून ठेवलेली भेळेची गाडी
हळूहळू आमच्यापासून लांब जात होती,
आम्ही नव्हे, गावच निघालं होतं कुठेतरी.
तू गेलीस तेव्हा तुला असंच दिसलं का गं,
असं लिहिलं.
पुसलं. नुसतं लिहिलं, झाली फेरी.

मग माझी पाळी: तुझ्या गावात एक ळ शोध.
सहा दिवस गप्प.
ट्रामवर नाही, थडग्यांवर नाही,
ज्या भाषेत ती पगार घेते तिच्यात तर नाहीच.
शनिवारी संध्याकाळी फोटो आला
बेकरीच्या काचेतला:
दोन वेढे, मधे पीळ, वर मिठाचे खडे,
आणि शिरोरेघ
तिने पावाच्या काडीची दिलेली.
खर्च मर्यादेबाहेर, पण ळ होता, आणि खमंग.
अर्धा खाल्ल्यावर म्हणे
नुसता ल उरला.

शांत जागा दाखव म्हणाली, तेव्हा मी हरले.
चेंदणी, कोलबाड, कचराळी,
येऊरलाही झाडं ऐकत होती
कुणाच्या तरी हळदीचा डीजे.
एकोणतीस नवे दोनशे एकसष्ट.
पाढा पोहोचायला तेवीस दिवस लागले.

आणि मार्चात, उशिरा, एका ओळीत:
कुणा अनोळखी माणसाला तिथे
माझं नाव मोठ्याने घ्यायला लाव.
खाली बारीक अक्षरात, इथे उल्क म्हणजे थट्टा.
नाव सांगितलं की लोक हसतात, मग सावरतात.
न हसता घ्यायला हवं.

नौपाड्यातली लॅब.
डॉक्टरांची चिठ्ठी तीन महिने पर्समध्ये
घामाने मऊ झालेली.
नाव? खिडकीतल्या मुलीने विचारलं.
उल्का गुप्ते.
वय खरं सांगितलं, ते दोघींचं एकच.
मग खुर्चीत, फोन मांडीवर उताणा, रेकॉर्डिंग चालू.
माझ्या आधी कुणी म्हात्रे, कुणी डिसोझा, एक रडकं बाळ,
आणि मग पडद्याआडून, खणखणीत,
उल्का गुप्ते, उपाशीपोटी!
कुणी हसलं नाही.
एक आजोबा तेवढे म्हणाले, कोपरीला होते आमच्या गुप्ते.
मी उठले, आत गेले,
दंड पुढे केला.

संध्याकाळी कागद आला:
साखर एकशे एकोणतीस.
इथेही एकोणतीस.
रेकॉर्डिंग पाठवलं. कागदही पाठवला,
नाव तिचं होतं, ठेवून कसा घेणार?
रात्रभर काही नाही.
सकाळी फोटो: काळी कॉफी,
बशीत चमचा पालथा,
साखरेची पुडी न फोडलेली.
सतरा वेळा ऐकलं, लिहिलं होतं.
त्या बाईचा आवाज काय आहे गं.
आणि खाली: माझी साखर वाढली म्हणे.
आजपासून बंद.
माझ्या हातात तेव्हा
प्रशांतच्या वाढदिवसाची बासुंदी होती,
वाटीला दोन बोटं लागलेली.

आता डॉक्टर रिपोर्ट खालीवर करून
चष्म्यावरून बघतात, या कोण?
मी म्हणते, आहेत एक.
गोड सोडलंय त्यांनी.